टायरला भोक

गेल्या बकरी ईदला बहीण घरी आली तेव्हा भाच्याने सोबत एक खोका आणला होता. कुर्बानीची धावपळ संपली, वाटे पोहोचवून झाले आणि दुपारी घर आडवं झालं, तेव्हा हा पठ्ठ्या अंगणात बसून रिमोटवर चालणाऱ्या जीपची चाकं खोलत होता. अब्बा खाटेवरून बघत होते. त्याने टायर रिमवरून उतरवला, आतला फोम काढून बाजूला ठेवला आणि चामड्याला भोक पाडायचा पंच घेऊन टायरला समोरासमोर दोन भोकं पाडली.

"अरे, अच्छेभले टायर को भोक कायकू पाडता?" अब्बा उठूनच बसले.

"हवा निकलने के वास्ते, नाना."

अब्बांनी पुणे-सोलापूर रस्त्यावर एकतीस वर्षं टायरची भोकं बुजवली. पाण्याचं घमेलं, सोल्यूशनची डबी, कानस, कात्रीने कापलेले पॅच आणि कॉम्प्रेसर एवढ्यावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. पुढे केरळची पोरं आली, त्यांनी मोठ्या मशिनी लावल्या, आणि अब्बांनी दुकान बंद केलं. ज्या माणसाने आयुष्यभर हवा आत कोंडायचं काम केलं, त्याच्यासमोर त्याचा नातू हवा बाहेर काढायला भोक पाडत होता. अब्बा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "येडा हो गया."

मला मात्र त्या भोकाने दोन-तीन महिने कामाला लावलं. त्याचं एक कारण भाचा, आणि दुसरं कारण 'पंक्चरवाला' हा शब्द. आमच्या समाजाला उद्देशून तो हल्ली कसा फेकला जातो, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. एखाद्या मुसलमान मुलाने इंटरनेटवर काही मत मांडलं की खाली हमखास कोणीतरी लिहितो, "जा, पंक्चर काढ." मी इतिहासाचा विद्यार्थी. शिवी कानावर पडली की तिचा माग काढायची मला खोड आहे. म्हटलं, बघू तरी या पंक्चरचा इतिहास काय आहे.

आधी रबर. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडकत असे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने ते गंधकासोबत तापवलं आणि ही खोड मोडली. रोमन लोकांच्या अग्निदेवाचं नाव व्हल्कन, त्यावरून या क्रियेला 'व्हल्कनायझिंग' म्हणू लागले. हायवेच्या कडेला पत्र्याच्या पाटीवर आपण 'वल्कनायझिंग' वाचतो ते हेच.

हवेचा टायर डनलॉपने शोधला असं आपण शाळेत शिकलो. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १८४५ साली, रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचं कवच. घोडागाड्यांवर त्याने ती चालवून दाखवली, एक संच तर हजार मैलांहून जास्त टिकला. पण धंदा काही जमला नाही. नंतर त्याने भरीव रबराच्या चाकांवर चालणारं वाफेचं इंजिन बनवलं. तसली इंजिनं १८७० नंतर आर. ई. बी. क्रॉम्प्टन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याकडे पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर चालवली.

१८८८ मध्ये बेलफास्टच्या जनावरांच्या डॉक्टरने, म्हणजे जॉन बॉइड डनलॉपने, मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर नव्याने बनवला आणि यावेळी जग त्याच्या मागे धावलं. पेटंट मात्र थॉमसनचं आधीचं निघाल्यामुळे टिकलं नाही. डनलॉपच्या टायरची खरी अडचण वेगळीच होती. तो रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झालं की दुरुस्तीला काही तास लागत आणि पुन्हा डिंक वाळण्यासाठी रात्रभर थांबावं लागे. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावात मिशलिन बंधूंच्या कारखान्यात असाच एक सायकलस्वार आला आणि त्यातून १८९१ साली त्यांनी सहज काढता-घालता येणारा टायर आणला. पंक्चर काढणं हा पंधरा मिनिटांचा धंदा तिथून सुरू झाला.

मिशलिनची यापुढची गोष्ट मला फार आवडते. १८९२ मध्ये त्यांनी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी सायकल शर्यत ठेवली आणि आपला टायर किती झटपट दुरुस्त होतो हे दिसावं म्हणून रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकले, असं सांगितलं जातं. हायवेवरचे पंक्चरवाले रात्री रस्त्यावर खिळे टाकतात, हा आरोप अब्बांनी कितीदा ऐकला असेल! एकदा एक ट्रकवाला तर घमेलं लाथाडून गेला होता. अब्बांना मी मिशलिनची गोष्ट सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले.

या हवेच्या टायरला रक्ताचा वासही आहे. १८९० नंतर सायकल आणि मोटारींमुळे रबराची भूक भडकली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातल्या काँगोत रबराचा कोटा भरला नाही म्हणून माणसांचे हात तोडले गेले. पुढे मलायाच्या मळ्यांत आपल्याकडचे तमिळ मजूर नेले गेले. हिंदुस्थानात डनलॉपचा कारखाना हुगळी जिल्ह्यात साहागंजला १९३६ मध्ये आला. त्याच्या मागोमाग रस्त्याकडेला घमेलं मांडून बसणारी आमच्यासारखी घरं तयार झाली.

आता भाच्याच्या भोकाकडे येऊ.

हवेच्या टायरचा पहिला हेतू धक्के शोषणं हा होता. पण लवकरच लोकांच्या लक्षात आलं की टायरमधली हवा कमी केली तर तो पसरतो, आणि पसरला की रुततही नाही, घसरतही नाही. साधा हिशेब आहे. जीपच्या एका चाकावर तीनशे किलो वजन असेल आणि टायरमध्ये तीस पौंड हवा असेल, तर चाक जमिनीला साधारण १४० चौरस सेंटिमीटर टेकतं. बारा पौंडांवर आणा, तेच चाक साडेतीनशे चौरस सेंटिमीटर टेकेल. टायरच्या भिंतीचा ताठपणा यात धरलेला नाही, पण अंदाज यायला एवढं पुरे. शाळेत आपण शिकलो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लाकडाच्या ठोकळ्याला ते ठीक आहे, रबराला नाही. मऊ रबर दगडाच्या बारीक खाचांमध्ये शिरून बसतं. जितकं जास्त टेकेल तितकी पकड.

हे तंत्र ज्या जागी घासूनपुसून तयार झालं ती जागा म्हणजे लिबिया आणि इजिप्तमधलं वाळवंट. इथे दहा वर्षांत तीन जमाने येऊन गेले. १९२३ मध्ये अहमद हसनैन या इजिप्शियन प्रवाशाने उंटांवरून भूमध्य समुद्रापासून सुदानपर्यंत साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास केला आणि वाटेत अर्केनू आणि उवैनात ही डोंगर-ठिकाणं नकाशावर आणली. त्यानंतर शहजादा कमालुद्दीन हुसेन आला. इजिप्तचं तख्त नाकारलेला हा माणूस सिट्रोएन कंपनीच्या मागे पट्टे लावलेल्या मोटारी घेऊन वाळवंटात घुसला. १९२६ मध्ये तिथल्या प्रचंड पठाराला त्याने गिल्फ केबीर हे नाव दिलं. आणि १९२९ ते १९३२ या काळात राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज अधिकारी साध्या फोर्ड मोटारी घेऊन त्याच भागात फिरला. त्याने पट्टे लावले नाहीत. टायरमधली हवा कमी केली, रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पन्हळी सोबत घेतल्या आणि वाळूच्या टेकड्यांवर गाडी सरळ घातली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, याच अनुभवावर त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. १९४२ मध्ये त्याला जोडलेल्या हिंदी तुकडीत जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान जवानांच्या गस्ती होत्या.

हसनैनचा उंट आणि बॅग्नोल्डचा टायर या दोन गोष्टी मला एकच वाटतात. उंटाच्या पायाला खूर नसतो. दोन बोटं आणि खाली मऊ, रुंद गादी असते. वजन पडलं की गादी पसरते, पाय उचलला की आवळते. म्हणजे कमी हवेचा टायरच.

इथे एक कबुली देतो. आमच्या ग्रुपवर अधूनमधून संदेश येतो की मोटारीतले सगळे भाग मुसलमानांनी शोधले. अल-जजरीचं नाव त्यात हमखास असतं. दियारबकरच्या दरबारातला हा कारागीर थोर होता यात शंका नाही. १२०६ मध्ये त्याने लिहिलेल्या ग्रंथात दांड्याने फिरणाऱ्या यंत्रांपासून पाण्यावर तरंगणाऱ्या वाजंत्री बाहुल्यांपर्यंत पन्नास यंत्रं आहेत. म्हणजे खेळणी करण्यात त्याला कमीपणा वाटला नव्हता, हे मी भाच्याच्या आईला मुद्दाम सांगितलं. पण टायर त्याच्या ग्रंथात नाही, आणि असायचं कारणही नव्हतं. रिचर्ड बुलिएट या अमेरिकन इतिहासकाराने १९७५ साली उंट आणि चाक या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की पश्चिम आशियात, इस्लाम येण्याच्या आधीपासूनच, बैलगाडी हळूहळू नाहीशी झाली, कारण चांगलं खोगीर चढवलेला उंट गाडीपेक्षा स्वस्त पडत होता. ज्या प्रदेशात चाक फार जुनं, त्याच प्रदेशाने ते शेकडो वर्षं जवळपास बाजूला ठेवलं. याला कोणी मागासलेपण म्हणतं, कोणी हा भाग गाळूनच टाकतं. मला यात हिशेबी व्यापारी दिसतात. रस्ता बांधायचा खर्च वाचत असेल तर चाक कशाला?

वाळू सोडून खडकावर जाऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरात रुबिकॉन नावाची वाट आहे. १९५३ मध्ये तिथे पंचावन्न जीपगाड्यांचा पहिला जथ्था निघाला आणि खडकांवरून मुंगीच्या वेगाने गाडी चढवण्याच्या छंदाला आकार आला. लढाईतली विलिस जीप युद्धानंतर नागरिकांच्या हाती आली होती. आपल्याकडे ती जुळवणाऱ्या मुंबईच्या कंपनीचं १९४५ मधलं मूळ नाव महिंद्र अँड मोहम्मद. त्यातले मोहम्मद, म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचं नाव १९४८ मध्ये बदललं. असो.

रुबिकॉनवरच्या लोकांनी जे शोधलं ते सगळं 'मऊ' आणि 'सावकाश' या दोन शब्दांत येतं. हवा बारा-पंधरा पौंडांवर आणा. त्याहून खाली गेलात तर टायर रिमवरून निसटतो, म्हणून त्याची कड बोल्ट मारलेल्या कड्यात पकडा. पाट्यांच्या ताठ स्प्रिंगा काढून लांब खाली-वर होणाऱ्या गोल स्प्रिंगा लावा, जेणेकरून एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असलं तरी दोन्ही जमिनीला धरून राहतील. १९७० ची रेंज रोव्हर अशा लांब हालचालीच्या गोल स्प्रिंगांमुळेच गाजली. आणि जर्मन उनिमोगसारखा आस चाकाच्या मध्यापेक्षा वर घ्या, म्हणजे पोट दगडाला घासत नाही.

हीच विद्या खेळण्यात उतरायला बराच काळ गेला. जपानच्या शिझुओकातल्या तामिया कंपनीने १९८७ मध्ये क्लॉड बस्टर नावाचा मोठ्या चाकांचा ट्रक काढला. पुढे-मागे सलग आस, प्रत्येक आसावर स्वतंत्र मोटर, चारही चाकं वळणारी. तो उड्या मारण्यासाठी होता. अमेरिकेतल्या छांदिष्टांनी त्याचे आस काढून स्वतः कापलेल्या सांगाड्यांवर बसवले आणि ती गाडी दगडांवर चढवू लागले. अनेक वर्षं हा घरगुती उद्योग होता. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲक्सियल कंपनीने एएक्स-१० स्कॉर्पियन हा खास खडक चढण्यासाठीचा संच विकायला आणला आणि दुकानात क्रॉलर मिळू लागला. २०१७ च्या ट्रॅक्सास टीआरएक्स-४ मध्ये तर उनिमोगसारखे उचललेले आससुद्धा आले.

भाच्याची गाडी जुनी, कोणाकडून तरी घेतलेली. एकास दहा मापाची, वजन तीन किलो. गावाबाहेरच्या ओढ्यात काळ्या कातळाची एक पायरी आहे, गुडघ्याएवढी. ती चढताना गाडी दर वेळी मागे उलटत होती. पोराने वहीत नोंदी ठेवल्या होत्या, त्या बघून मला त्याचं कौतुक वाटलं.

पहिली गोष्ट वजन. बॅटरी मागे आणि वर होती, ती त्याने पुढे, खाली आणली. पुढच्या चाकांच्या आत पितळेची कडी घातली. मोठ्या मोटारीत चाकाचं वजन कमी हवं असतं, कारण वेगात जड चाक खड्ड्यावर उसळतं. इथे वेगच नाही. उलट चाकातलं वजन सगळ्यात खाली असल्यामुळे गाडी जमिनीला धरून राहते. साठ टक्के भार पुढे आणि चाळीस मागे झाला, तेव्हा उलटणं निम्म्यावर आलं.

मग स्प्रिंगा. मूळच्या इतक्या ताठ होत्या की गाडी उभी असताना शॉकअप पूर्ण ताणलेले असत. म्हणजे खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच नाही, ते हवेत लोंबकळणार. त्याने मऊ स्प्रिंगा लावून गाडी तिच्या स्वतःच्या वजनाने शॉकअपच्या एक-तृतीयांश खाली बसवली. शॉकअपमधलं तेल थोडं दाट केलं, म्हणजे दगडावरून उतरताना गाडी धपकन न बसता सावकाश बसते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मागच्या आसाला धरणाऱ्या दांड्यांनी. खाली दोन, वर दोन. वरचे दांडे पुढे सांगाड्याकडे जास्त उतरते असतील, तर मोटर जोर लावताच आस सांगाड्याला वर ढकलतो. सपाटीवर ते कळत नाही. चढावर मात्र गाडीची मागची बाजू ताणून उभी राहते, उड्या मारते आणि पुढचा भाग आभाळाकडे जातो. पोराने वरच्या दांड्यांची सांगाड्याकडची टोकं एक भोक वर घेतली. फरक दोन-तीन मिलिमीटरचा, पण मी स्वतः बघितलं, उड्या थांबल्या.

आणि शेवटी टायर. या खेळण्याच्या टायरला व्हॉल्व्ह नसतो, त्यात हवा भरत नाहीत. आकार धरतो तो फोम. पण टायरची कड रिमच्या कड्यात घट्ट आवळली की आत हवा आपोआप कोंडली जाते. एका चाकावर भार फक्त पाऊण किलो. एवढ्याशा वजनाला कोंडलेली हवासुद्धा ताठ गादीसारखी वाटते. टायर दगडाभोवती दुमडण्याऐवजी त्यावर उभा राहतो. भोक असेल तर दाबताच हवा निघून जाते, टायर दगडाला कवेत घेतो, आणि दाब गेला की हवा परत येते. म्हणून भोक. उंटाच्या गादीचं काम रबराने करायचं तर श्वास घ्यायला जागा हवी.

हे सगळं मी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "ट्रक में भरे वजन के हिसाब से हवा डालते थे हम भी. कम वजन, कम हवा. हमें नहीं मालूम क्या?"

दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुन्हा आला. आम्ही तिघे ओढ्यावर गेलो. गाडी आता पायरीच्या माथ्यापर्यंत जात होती आणि तिथे पुढचं डावं चाक घसरून ती बाजूला कलंडत होती. दहा वेळा, पंधरा वेळा. पोराने वही काढली, स्प्रिंग बदलली, पुन्हा तेच. अब्बा दगडावर बसून बघत होते. मग त्यांनी गाडी मागितली, चारही टायर अंगठ्याने दाबून बघितले आणि म्हणाले, "घर चल. घमेला ला."

घरी अंगणात त्यांनी घमेल्यात पाणी घेतलं. एकेक चाक पाण्यात धरून अंगठ्याने दाबलं. पहिल्यातून बुडबुडे आले. दुसऱ्यातून आले. तिसऱ्यातूनही आले. पुढच्या डाव्या चाकातून एकही बुडबुडा आला नाही. पोराने ते चाक उघडलं. फोम चिकटवताना वापरलेला गोंद आतून दोन्ही भोकांवर येऊन वाळला होता.

अब्बांनी पंच मागितला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टायरला स्वतःच्या हाताने भोक पाडलं, पुन्हा पाण्यात धरलं, आणि बुडबुडे येताना बघत राहिले.